घट्ट झाकण

दवाखान्याच्या रांगेत माझ्यामागे एक प्लंबर आणि एक वयस्कर बाई बोलत होते.

"लेक रोज शाळेतून डबा भरलेलाच परत आणते, मावशी. गाजराची फुलं कापून दिली, अंडं उकडून दिलं, सफरचंद दिलं. शाळेत हातच लावत नाही."

"आणि घरी?"

"घरी तेच चाटूनपुसून खाते."

"आधी डबा कोण भरायचं?"

"तिची आई. ती गेल्यापासून मीच."

"झाकणही तूच लावतोस?"

"मग! नळाचं काम करणारा हात आहे. थेंब गळायचा नाही."

"अरे बाळा, तिला उघडतं का ते?"

"एक मिनिट, मावशी."

"काय झालं रे?"

"रोज डबा घेऊन मांडीवर येऊन बसते. म्हणते, बाबा, तूच उघड. मला वाटायचं, लाडात आलीय."