पातळ पडदा

लसीकरणाच्या रांगेत बाळाला थोपटत उभी होते. पुढे दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, आमच्या कंपनीच्या प्रिंटरमध्ये शाई फवारणाऱ्या एका नोझलमधून शाई उडाली की शेजारच्या नोझलला धक्का बसतो. छपाईत रेघा उमटतात.”

“मग?”

“ऑफिसातल्या नव्या मुलीने शाईच्या वाटेत पातळ पडदा बसवला. धक्का तोच गिळतो म्हणे.”

“तुझ्या का पोटात दुखतंय?”

“पडदा फाटेल म्हणून सगळ्यांदेखत हसले होते मी तिला. आणि साहेबांनी तपासायला दिलं मलाच.”

“फाटला?”

“काल दिवसभर सगळी नोझलं एकदम चालवली. एक रेघ नाही.”

“मग सांग ना साहेबांना.”

“सांगेन उद्या. आज तिचा वाढदिवस आहे. एका दिवसात किती लाड करायचे?”