बूच काढलेली बाटली

सकाळपासून टपाल वाटून पायांचे तुकडे पडलेली पोस्टवाली वाइनच्या दुकानात रांगेत उभी होती. तिच्या पुढचं जोडपं तिच्याहून दमलेलं दिसत होतं. बाई दुकानदाराला सांगत होती,

"ही इटलीची लाल बारोलो नको बाई परत. भाच्याने दिलेली अख्खी बाटली बेसिनमध्ये ओतली आम्ही."

"का हो?"

"जीभ वाळून गेली नुसती. उकळून उकळून काळा केलेला चहा जणू! ह्यांनी तर हौसेने फ्रिजमध्ये गार केली होती."

"बारोलो गार करायची नसते, काका. आणि उघडल्या उघडल्या तर प्यायचीच नाही. बूच काढून दोन-तीन तास तशीच ठेवायची. हवा लागली की मऊ होते."

"दोन-तीन तास? आम्ही दोघं एका वेळी जागे तरी असतो का तेवढे?"

"मग दुसरी दाखवू?"

"थांबा जरा. अहो, तुम्ही कामाला निघता दुपारी दोनला, मी घरी पोचते चारला. निघताना बूच काढून ठेवा. मी ग्लासभर घेईन, उरलेली तुम्हाला."

"मी येणार रात्री बाराला. तोवर राहील का हो ही?"

"राहील की, काका. उलट आणखी सुधारेल."

"म्हणजे उद्या लग्नाला वीस वर्षं, आणि मी स्वयंपाकघरात एकटा पीत बसू?"

"मग उठवा मला."

"मागे उठवलं तर केवढी खेकसलीस अंगावर!"

"खेकसले तरी उठवा."