शहागंजातली पाचवी मावशी

पीएचडीत तू नेमकं करतोस काय, असं विचारता ना तुम्ही? गाईडच्या वाट्याचं संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल घेतो, तेही फुकटात. परवा पोरांना सर्व्हे करायला शहागंजच्या बाजारात धाडलं. बजावून सांगितलं, ओळखीचे गाठायचे नायत. दर पाचव्या गिऱ्हाइकाला थांबवायचं आणि घरात माणसं किती, महिन्याला तेल किती लागतं, एवढंच विचारायचं.

पैठणची रोहिणी एकाच बाईची माहिती घेऊन आली, तीही अर्धी.

"बाकीचे कुठंयत?"

"सर, पहिल्याच मावशींनी मला धरलं. गाव कोणतं, मामा कुठले, स्वयंपाक येतो का... तासभर त्याच विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, रविवारी येतो आम्ही पोराला घेऊन."

मी भडकलोच. "अगं, सर्व्हे तू करायचा का त्यांनी? तू एक तरी प्रश्न विचारलास का?"

"विचारला ना. पोरगा काय करतो?"

"मग?"

"पीएचडी करतो म्हणाल्या. मी तिथंच नाय म्हणून टाकलं."

"का गं?"

"तुम्हाला रोज बघते ना, सर."