मामाचा गाणारा मोटार-रेडिओ

माझ्या लग्नाचा विषय निघालाच आहे, तर मामाच्या रेडिओचं ऐका. मामाची महाडात भाड्यानं प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार होती. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं मुंबईहून आणलेला रेडिओ तिच्यात बसवला आणि पोलादपूरला माझ्या सासऱ्यांकडे निरोप धाडला, "वाजंत्री आणत नाय. आमची मोटारच गाणार हाय!" तुडीलचा सनईवाला भिकू रुसला, पण जेवणाचं आमंत्रण होतं म्हणून सनई बगलेत मारून आमच्याबरोबर मोटारीत बसला.

पोलादपूरच्या वेशीवर मामानं बटण पिळलं. रेडिओ गप्प. वायरी हलवून पाहिल्या, पेटीला थापट्या मारल्या. मावशी म्हणाली, "नवी वस्तू, नारळ फोडलास काय रे?" नारळ फोडला, खोबरं वाटलं. रेडिओ गप्पच.

शेवटी मामानं ड्रायव्हरला विचारलं, "इस्माईल, बॅटरीची वायर लावलीस ना?"

"बॅटरी कालच काढून घरी ठेवली. हँडल मारलं की गाडी चालू होते, मग तिचं काम काय? तुम्हीच बोललात, रेडिओला जागा कर!"

तोवर समोरून सासरे येताना दिसले. मामानं भिकूला मागच्या सीटच्या पायाशी बसवलं, वर घोंगडी टाकली आणि हात जोडले. रुसवा विसरून भिकू जीव तोडून वाजवायला लागला.

सासरे कान देऊन ऐकत राहिले. मग मामाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आवाज झकास हाय हो. पण हा मधनंच खोकतो का?"