गवत तेवढं राहिलंय

...न्हाय न्हाय, मला एक सांगा, दुसऱ्याच्या बोटीला पाणी घालायच्या आदी माणूस इचारतो का न्हाय? झाडाला घाला, म्हशीला पाजा, दारात शिंपडा, माझं काय म्हणणं न्हाय! पण बोटीला? आणि वर मलाच सांगतोय म्हातारा, छाती फुगवून, "इमाम, सकाळ-संध्याकाळ न चुकता घातलंय बरं का, एक दिस खाडा न्हाय!" अवो, खाडा पडला असता तर मी गावात पेढं वाटलं असतं!

थांबा, तुमाला सुरवातीपासनं सांगतो. मी इमाम. शेळगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय माझं. पाण्याची मोटार जळाली की लोकं माझ्याकडं येत्यात, आणि जळाली नसली तरी येत्यात, बसायला. बावीस वर्षं झाली केसाएवढी तांब्याची तार गुंडाळतोय, हात असा बसलाय की सुईत दोरा ओवायला गल्लीतल्या बायका मला हाक मारत्यात. म्हणून ह्यो नाद लागला. लढाईतल्या बोटी, जिपा, ट्रक यांची मॉडेलं. खोक्यात सुटं भाग येत्यात, ते कापायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं, आणि खाली जमीन, चिखल, पाणी, सगळा देखावा आपला आपण करायचा. मी केली ती नदीत गस्त घालणारी बोट. काठाला बांधलेली, शेजारी एक जीप, दोन जवान. खरी बोट पस्तीस फूट असंल तर माझी एक फूट. म्हणजे काय? एकास पस्तीस! जिपंचा आरसा एकास पस्तीस, जवानाच्या शर्टाचं बटण एकास पस्तीस! खेळणं न्हाय ते!

पण हे गावाला कोण सांगणार? चौदा महिने... चौदा महिने बोट टेबलावर, आणि दुकानात येणारा एक माणूस धड बोलला असंल तर शपथ! "इमामभाई, ह्याला सेल किती लागत्यात?" सेल लागत न्हाईत. "मग रिमोटवर चालती व्हय?" चालत न्हाय. "मग करती काय?" अवो, करती काय म्हणजे? उभी हाय! दिसती! तुमी काय करताय दुकानात तासभर? उभंच हाय न्हवं?

आणि ते रावजी! डाळिंबवालं रावजी, महिन्यातनं दोनदा मोटार जाळत्यात. बोटीवर मी तीन आठवडे गंज रंगवलाय. तीन आठवडे! पाणी जितं लागतं तितं जास्त, साखळी घासती तितं तांबूस, वर ऊन खातं तितं फिकट. एक केस उरलेला ब्रश घेऊन, श्वास धरून. रावजींनी चष्मा वर केला, खाली केला, आणि जीभ चुकचुकवली, "फसवलं की रं तुला! एवढी नवी बोट, आणि गंजकी दिली?" मी म्हटलं, रावजी, गंज मी रंगवलाय. म्हणं, "का?" दुसऱ्या दिशी ट्रॉलीला मारून उरलेला हिरवागार ऑईलपेंट घेऊन हजर, "मार एक हात, वरनं चकचकीत दिसंल!" मी त्यांची मोटार चार दिस उशिरा दिली. मुद्दाम!

घरात तरी सुख असावं का न्हाय? शबीना, माझी बायको, तिची भुवयांची चिमटी मी कामाला घेतली, त्यावर चार महिने अबोला. एक दिस त्याच चिमटीतनं जिपंचं स्टेरिंग उडालं. आता ते केवढं? एकास पस्तीस! टिचकीसरशी गेलं, कुठं गेलं कळलं न्हाय. नऊ दिस घरात झाडू मारू दिला न्हाय मी, पावण्यांना उंबऱ्यातनं परत लावलं. दहाव्या दिशी शबीना मुगाची डाळ निवडताना म्हणती, "अवो, ह्यो खडा लई गोल हाय की!" तिनं फेकायला हात उचललाय आणि मी झेप घातली, सगळी डाळ अंगणात, कोंबड्यांची दिवाळी. त्यावर आनिक दोन महिने अबोला.

हे सगळं सोसलं कशापायी? दिवाळीनंतर बारामतीला एका मंगल कार्यालयात मॉडेलांचं प्रदर्शन होतं, आणि परीक्षक कोण? पुण्यासनं येणारं नौदलातलं रिटायर साहेब! आयुष्य बोटीवर काढलेला माणूस! तुमाला खरं सांगतो, मला बक्षीस नको होतं. ज्यानं खरी बोट चालवलीय अशा एका माणसानं माझ्या बोटीपाशी वाकावं, बगावं, आणि म्हणावं, 'बरोबर आहे.' बास! दोन शब्द! चौदा महिन्यांत ते दोन शब्द मला कुनी दिलं न्हवतं.

आणि नेमकं तवाच शबीनाच्या भावाचं लग्न आलं अकलूजला. ऐन दिवाळीत. सहा दिस! मी म्हटलं, मला काम हाय. ती म्हणाली, "बोटीशीच निकाह लावायचा हुता मग." गेलो! आणि दुकानाची किल्ली दिली शेजारच्या गेणबातात्यांकडं. साखर कारखान्यात उसाचे ट्रक तोलायच्या काट्यावर होतं, आता रिटायर, दिवसभर माझ्याच दुकानात बसून असत्यात. मागल्या चौदा महिन्यांत एवढा बगितलेला माणूस दुसरा न्हाय. किल्ली देताना मी काय बोललो? इथं माझी जीभ झडायला हवी होती! मी म्हटलं, "तात्या, ध्यान ठेवा. सगळं झालंय. काठावरचं गवत तेवढं राहिलंय, आल्यावर करतो."

गवत तेवढं राहिलंय! ते मी करणार होतो सुतळीचं. सुतळी पिंजून, रंगवून, एकेक काडी चिकटवून. एकास पस्तीस!

सहा दिसांनी, शनवारी सकाळी आलो. रविवारी प्रदर्शन. दुकानाचं शटर वर केलं... आणि मला वाटलं मी दुसऱ्याच्या दुकानात आलो. टेबलावर शेत! हिरवंगार, लुसलुशीत, वाऱ्यावर डुलतंय! अळीव! म्हाताऱ्यानं माझ्या नदीकाठावर मूठभर अळीव पेरलं, दिवाळीच्या किल्ल्यावर पेरत्यात तसं! आमीबी पोरपणी ह्याच तात्यांच्या अंगणात किल्लं केलं, अळीव पेरलं, मला का ठाव न्हाय? पण ते चिखलाच्या किल्ल्यावर! पुट्टी आणि कालव्याच्या गाळानं चौदा महिन्यांत केलेल्या काठावर न्हवं!

"गवत तेवढं राहिलंय म्हणलास ना," तात्या मागनं आलं, हसत, "मग मी केलं की! म्हटलं माणूस लग्नाच्या गडबडीत हाय, सणासुदीचा किल्ला अर्धा नको राहायला."

किल्ला! मी ओरडलो, तात्या, किल्ला न्हाय हो ह्यो!

"असू दे असू दे, गडबडीत तटबंदी राहिली असंल, चालतंय."

आणि नुसतं गवत असतं तर मी एकवेळ छातीवर दगड ठेवला असता. त्यांच्या बायकोनं, दगडाबाई काकूंनी, माळ्यावरचा किल्ल्याच्या मातीच्या चित्रांचा डबा काढून दिला. बोटीच्या टपावर तोफ! जिपंच्या बॉनेटवर ढालतलवारीवाला मावळा, मैद्याच्या खळीनं चिकटवलेला! काठाला गुहा करून तिच्यात वाघ, जिपंपेक्षा मोठा. आणि सगळ्यात पुढं डोक्यावर कळशी घेतलेली गवळण, वीतभर! तिच्या पायाचा अंगठा आणि माझ्या जवानाचं डोकं सारखं! मी म्हटलं, तात्या, वाघ एकास बारा, गवळण एकास आठ, ही नदीत उतरली तर बोट बुडंल! तात्या म्हणतात, "मग बाजूला उभी केलीय न्हवं? पाण्यात कुठं हाय?"

मी काठाला हात लावला तर खालनं मुळ्या शिरलेल्या, पुट्टी फुगून वर आलेली, आणि माझं पाणी... तेबी ऐका, पाणी म्हणजे पारदर्शक राळ असती ती, कागदाएवढा थर ओतायचा, दिसभर वाळवायचा, पुन्हा ओतायचा, असं सतरा थर... ते काठापासनं उचललेलं. मी मोटारीच्या खोक्यावर बसलो. तात्यांना वाटलं आनंदानं बसला. खिशातनं एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. प्रशस्तिपत्रक! गावच्या किल्ले स्पर्धेत पहिला क्रमांक! इमाम, शेळगाव! कंसात, जलदुर्ग!

"आजवर सगळ्यांचं पाणी म्हणजी मातीत पुरलेली वाटी," तात्या म्हणालं, "तुजं पाणी बगून मंडळाची माणसं गप झाली."

आता तुमीच सांगा, ह्या माणसावर ओरडायचं कसं? आणि न्हाय ओरडायचं तर जगायचं कसं?

उपटायला गेलो तर कोंबाबरोबर काठ वर यायला लागला. मग काय! भर दुपारी शटर ओढलं, शबीनाची कात्री घेतली आणि गवताची कटिंग केली. हसू नका! खरं गवत फूटभर धरलं तर हितं नऊ मिलिमीटर बसतं. मोजपट्टी लावून कापलं, काडी काडी. एकास पस्तीस! तोफ उतरवली, मावळा सोडवला, वाघ काढला, गुहा बुजवली, गवळण काकूंना परत दिली. काकू म्हणाल्या, "राहू द्यायची की, शोभा होती तिची."

रविवारी टेम्पोत बोट घेऊन बसलो, तर शेजारी कोण? तात्या! पांढरा लेंगा, टोपी, आणि हातात फवाऱ्याची बाटली! वाटंत तीनदा फवारलं. मी संपलो होतो.

बारामतीला सगळी पुण्यामुंबईची माणसं, काचेच्या पेटीतली मॉडेलं, मऊ आवाजात बोलणारी. साहेब आलं. ताठ, पांढरी मिशी, हातात भिंग. माझ्या टेबलापाशी थांबलं... वाकलं... आणि भिंग कुठं गेलं? काठावर! गवतावर!

"हे गवत कोणत्या कंपनीचं आहे?" साहेबांनी इचारलं.

मी तोंड उघडायच्या आदी तात्या पुढं, "कंपनी कसली, किराणा दुकान! मूठभर अळीव, पेरायचं, दोन टायमाला पाणी!"

"जिवंत आहे हे?" म्हणताना साहेबांचा आवाज चिरकला हो! झालं, सगळी गर्दी गोळा. एक जण म्हणतो, "मी जर्मनीहून मागवतो, पण हा रंग येत नाही." दुसरा मोबाईलवर लिहून घेतोय, "आजोबा, भिजवायचं किती वेळ?" तिसरा म्हणतो, "वरून रंग फवारलाय का?" आणि तात्या म्हणत्यात, "रंग देवानं दिलाय!" टाळ्या! अवो, टाळ्या! आणि माझी बोट, तीन आठवड्यांचा गंज, सतरा थरांचं पाणी, तिच्यावर लोकांची सावली पडलेली, एक माणूस बगंना! मला तितं, एवढ्या लोकांत, रडू यायचं बाकी होतं. लाज कसली, खरं ते सांगतो.

ते तात्यांनी बगितलं. का बगितलं, कसं बगितलं, काय म्हाईत. एकदम आवाज चढवला, काट्यावर ट्रकवाल्यांना चढवायचं तसा, "ओ साहेब! गवताला काय बगताय? चार दिसांत कुनीबी पिकवंल! बोट बगा बोट! चौदा महिने ह्या माणसानं चिमटीत जीव धरलाय! खेळणं न्हाय ते! एकास पस्तीस हाय!"

माझंच वाक्य, आणि त्यांच्या तोंडून! म्हणजी चौदा महिने ऐकत होतं तर!

साहेब पुन्हा वाकलं. ह्या खेपंला बोटीवर. पुढनं मागं, हळूहळू. भिंग थांबलं दोरापाशी, बोट काठाच्या खुंटीला बांधलीय तितं. तांब्याच्या तारंची गाठ हाय ती, तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. साहेब मान न उचलता म्हणालं, "ही गाठ... बरोबर आहे. आम्ही अशीच बांधायचो."

बरोबर आहे! तुमाला सांगतो, मला पुढचं काय दिसलं न्हाय. डोळं भरलं. तात्यांनी पाठीवर हात ठेवला, ओला, फवाऱ्याचा.

बक्षीस? मिळालं की, पहिलं! 'सर्वोत्कृष्ट देखावा.' नाव कुनाचं पुकारलं? "गेणबा आणि सहकारी!" सहकारी म्हणजी मी! दुसऱ्या दिशी बारामतीच्या पेपरात फोटो, मधी तात्या, टोपी नीट, हातात फवारा, पुढं गवत. खाली छापलंय, 'शेळगावच्या आजोबांनी पिकवला किल्ला.' आणि मी? मी हाय की फोटोत! तात्यांच्या डाव्या बाजूला, अगदी कडंला, माझं कोपर आलंय. शबीनानं त्याच्याभवती पेनानं गोल करून कात्रण दुकानात चिकटवलंय. येणारं-जाणारं इचारत्यात, "इमामभाई, हे कोपर कुनाचं?" पयल्यांदा लई चिडायचो मी. आता हातातली तार खाली ठेवतो, बाही वर करतो, आणि जुळवून दावतो.