ज्याचा अर्थ, त्याचा बुगात्सा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रकाशनाचे मालक श्रीयुत इओर्दानिस, विद्यापीठातून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्राध्यापिकाबाई, हे सभागृह आज बिनभाड्यानं देणारे शेजारच्या चर्चचे फादर, समोर बसलेले छापखान्यातले, बांधणीखात्यातले आणि नुसतेच जेवायला आलेले स्नेहीजन, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते आमचे अरिस्तिदिस मास्तर व त्यांच्या सौभाग्यवती गारुफालियाबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी प्रोद्रोमोस. मास्तरांच्या हाताखाली इंग्रजी-ग्रीक शब्दकोशावर काम करता करता माझे केस गेले. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या थेआनोनं मला बजावून ठेवलंय, लवकर आटप, लोकांना भुका लागल्यात. थेआनो, अगं, एका शब्दावर दोन हिवाळे काढलेल्या माणसाला तू लवकर आटपायला सांगतेस? माझी ओळख विसरलीस का?

शब्दकोशाचं काम म्हणजे नेमकं काय करता, असं माझी आई मला अजून विचारते. तिला मी एकदा सांगितलं की आई, इंग्रजांकडे शब्द थोडे आणि कामं फार. म्हणून एकेका शब्दाला चार घरची धुणीभांडी करावी लागतात. आपल्याकडे बहुतेक कामाला वेगळा माणूस ठेवलेला आहे. तेव्हा इंग्रजांचा तो दमलेला गडी आज कुठल्या घरी राबतोय ते ओळखायचं, आणि आपल्याकडचा नेमका माणूस हाक मारून बोलवायचा, एवढंच आमचं काम. आई म्हणाली, एवढ्याचा पगार देतात? अध्यक्षमहाराज, तुम्ही हसू नका, हाच प्रश्न तुम्हीही आम्हाला दर महिन्याला विचारत आलात.

आता मास्तरांविषयी. विद्वत्तेबद्दल प्राध्यापिकाबाई बोलतीलच, तो प्रांत माझा नाही. मी त्यांच्या एका खोडीबद्दल बोलणार आहे. हा माणूस दुसऱ्याला पैसे देऊ देत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, आपल्या सालोनिकात कोण देऊ देतो? आपल्या नावाच्या संताचा सण आला, की नामदिवस ज्याचा, खर्च त्याचा. घर बांधलं, मुलगी पास झाली, आजारातून उठलो, की ज्याचं बरं झालं त्यानं बाकीच्यांचं तोंड गोड करायचं. बिलावरून आपण एकमेकांची मनगटं पिरगाळतो हे खरं. पण मास्तरांची तऱ्हा न्यारी. ते खानावळीत शिरता शिरताच वेटरच्या हातात पैसे कोंबतात. मी एकदा शहाणपणा करून त्यांच्या आधी जाऊन पोचलो, तर कळलं की ते आदल्या दिवशीच येऊन देऊन गेले होते. इतक्या वर्षांत मास्तरांना साधी कॉफी पाजल्याचं भाग्य ज्याला लाभलं असेल त्यानं हात वर करावा. बघा. गारुफालियाबाईंचासुद्धा हात खालीच आहे.

हीच खोड त्यांनी शब्दकोशात आणली. नियम असा की एखाद्या शब्दाचा नवा अर्थ कुणी शोधून आणला, आणि टेबलावर वाद होऊन तो मंजूर झाला, की त्यानं सगळ्यांना बुगात्सा खिलवायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातला, लोण्याच्या पातळ पापुद्र्यांत गोड साय भरून भाजलेला, गरम, वर साखर आणि दालचिनी भुरभुरवलेला. ज्याचा अर्थ, त्याचा बुगात्सा. मास्तरांना वाटलं, अशानं कामाला उत्साह येईल. आला. नको तेवढा आला. दुसऱ्या कुठल्या देशात हा नियम केला असता तर खर्चाच्या भीतीनं लोकांनी अर्थ शोधणंच सोडून दिलं असतं. आम्ही पडलो ग्रीक. कालचा बुगात्सा थेआनोचा होता, मग आज माझा नको का? तिचं खाऊन मी गप्प बसू? लोक काय म्हणतील?

अशा अवस्थेत आमच्यासमोर 'रन' हा शब्द आला.

मंडळी, इंग्रजांचा हा गडी किती घरी राबतो हे ऐकाल तर तुम्हाला त्याची दया येईल. माणूस पळतो तेव्हा हाच. नदी वाहते, नळ वाहतो, नाक वाहतं, तेव्हाही हाच. दुकान चालवायला हाच, निवडणुकीत उतरायला हाच. धुण्यात कपड्याचा रंग जातो तिथंही हाच, कोंबड्या मोकळ्या फिराव्यात म्हणून जाळीनं घेरलेली जागा असते तिलाही त्यांनी हेच नाव देऊन ठेवलंय, आणि बायकांच्या तलम मोज्याचा टाका सुटून वर सरसर रेघ जाते तिथंही तोच बिचारा.

थेआनो एक दिवस म्हणाली, नाक वाहणं आणि नळ वाहणं हे दोन वेगळे अर्थ आहेत. मी म्हटलं, बाई, आपल्या भाषेत दोन्हीला एकच क्रियापद आहे, मग वेगळे कसे? तर म्हणते, नळ बंद करता येतो. मंजूर. बुगात्सा आला. दुसऱ्या दिवशी मी मेणबत्तीचं मेण आणलं. ते नाकासारखं वाहत नाही, कारण ते वाळतं. थेआनो म्हणाली, तुझं नाक कधी वाळत नाही का? तरी मंजूर. पुन्हा बुगात्सा. बस धावते हा एक अर्थ, तर ठरल्या वेळेला धावते हा दुसरा. हा दुसरा अर्थ आपल्या गावाला लागू नाही म्हणून बाद करावा असं मास्तरांचं मत होतं, पण बुगात्सा दारात येऊन थांबला होता.

बाकीची सगळी अक्षरं छापखान्यात जाऊन बसली, आणि आम्ही आपले त्या एका शब्दापाशी खात बसलो. माझ्या पँटा आईनं दोनदा उसवून सैल केल्या.

मग एक दिवस दालचिनीच्या वासाचा माग काढत अध्यक्षमहाराज वर आले. अध्यक्षमहाराज, त्या दिवशीचा तुमचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही 'रन'ची कच्ची पानं उचललीत, हातावर तोलून बघितलीत, आणि मास्तरांना शांतपणे म्हणालात की बांधणीवाल्यानं सांगितलंय, यापेक्षा जाड पुस्तक एका खंडात बसणार नाही, पाठ फाटेल. दुसरा खंड काढायची माझी ऐपत नाही. ईस्टरपर्यंत हा शब्द आटोक्यात आला तर कोश निघेल, नाही तर मी हे काम बंद करतो.

ते खरंच बंद करणार होते. इथं मी त्यांना दोष देत नाही, तेवढी वर्षं आम्हाला पोसणारे तेच. पण मी मास्तरांकडे पाहिलं. उन्हाळ्यात त्यांची निवृत्ती. हा माणूस काळ्याभोर केसांचा असताना या कोशावर बसला होता. समुद्रावर फिरायला गेला तरी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं ऐकणार, अमुक गोष्टीला आपली माणसं काय म्हणतात ते टिपणार. आणि घरी जाताना त्याच्या हातात पुस्तक नसणार होतं. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. थेआनोला फुटलंही.

मास्तर खुर्चीवरून उठले, खिडकी उघडून दालचिनीचा वास बाहेर जाऊ दिला, आणि म्हणाले, "आजपासून नियम उलटा. जो आपला अर्थ गाळेल, बुगात्सा त्याचा."

बस्स, एवढंच. आणि गंमत बघा, जी माणसं अर्थ घालायला भांडत होती तीच गाळायला भांडू लागली. शेवटी खर्च करण्याचा मान कोण सोडतो? थेआनोनं नळ नाकात घातला. मी मेण त्यांच्यामागोमाग घातलं. जिथं आपल्या भाषेत एकच शब्द पुरतो तिथं एकच ओळ, असं मास्तरांनी ठरवून दिलं, आणि मग कळलं की निम्मे अर्थ आम्ही इंग्रजांचे म्हणून मांडले होते, ते प्रत्यक्षात आमच्या भुकेचे होते. थेआनो तर एका सकाळी दोन अर्थ गाळून दोन ताटं घेऊन आली. मी तिला म्हटलं, तू माणूस आहेस की हलवायाची एजंट?

ईस्टरआधीचा उपासाचा चाळीसा लागला तसा लोण्याचा बुगात्सा बंद झाला, फादर साक्षीला आहेत, आम्ही तिळाच्या कडबोळ्यांवर काम केलं. ईस्टरच्या आठवड्यापर्यंत पानं बसली. सगळी बसली आणि एक ओळ उरली. एकच. बांधणीवाला म्हणाला, ओळ म्हणजे ओळ, ती पुढच्या पानावर गेली की मागचं सगळं हलतं.

गाळण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. जे उरलं होतं त्या प्रत्येकाला आपल्याकडे वेगळा शब्द होता. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. कारण कोणत्या ओळीला कुणी हात लावलेला नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. ती मोज्याची.

ती ओळ मास्तरांची. नोकरीला लागल्यावर त्यांनी आणलेली ही पहिली ओळ. तेव्हा त्यांना इंग्रजी पुस्तकातलं हे मोज्याचं धावणं काही उमजेना. धीर करून ते बाजारात सुयादोऱ्याच्या दुकानात गेले आणि गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं की बाई, तुमच्या मोज्यांचं असं असं होतं तेव्हा तुम्ही काय म्हणता? मुलीचा बाप मागच्या खोलीतून मापाची लाकडी पट्टी घेऊन बाहेर आला. मुलगी म्हणाली, "टाका निघून गेला असं म्हणतो. आणि आता तुम्हीही निघा." मास्तर निघाले, पण दुसऱ्या दिवशी परत गेले. आपल्या पहिल्यावहिल्या अर्थाचा बुगात्सा त्यांनी आधी त्या दुकानात नेला आणि मग कचेरीत आणला. ती मुलगी आज पहिल्या रांगेत बसली आहे आणि मी हे सांगू नये म्हणून मघापासून मला डोळे वटारते आहे. गारुफालियाबाई, माफ करा, पण पट्टी तर आता तुमच्या घरी नाही ना?

तर त्या दिवशी मास्तरांनी आमच्या खाली घातलेल्या माना पाहिल्या. त्यांना कळलं आम्ही का गप्प आहोत ते. त्यांनी पेन्सिल घेतली आणि मोज्याची ओळ स्वतःच्या हातानं काढून टाकली. थेआनो म्हणाली, "मास्तर, ती नको." ते म्हणाले, "का? मला घरी रोज ऐकायला मिळते." आणि कोट चढवून कडबोळी आणायला गेले.

मंडळी, माझ्या वाट्याचं कडबोळं मी खाल्लं नाही. मी ते खिशात घालून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी पानं छापायला सोडण्याआधी मी अध्यक्षमहाराजांच्या खोलीत गेलो. मी म्हटलं, साहेब, ओळीला ओळ दिली तर तुमची हरकत नाही ना? कोंबड्यांच्या जाळीची ओळ माझी आहे. गावी माझ्या आईकडे अशी जागा आहे, तिथूनच मी तो अर्थ आणला होता, आणि त्याचा बुगात्साही मीच खिलवला होता. ती काढा, आणि मोज्याची परत बसवा. अध्यक्षमहाराजांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि विचारलं की मास्तरांना माहीत आहे का? मी म्हटलं, नाही, आणि तुम्हीही सांगू नका. त्यांनी तिथंच सही केली. कठोर माणूस आहे असं आपण उगीच म्हणतो त्यांना.

आईला मी कळवलं की तुझ्या कोंबड्या कोशात आल्या नाहीत. ती म्हणाली, त्या अंडी देताहेत तोवर मला चालेल.

तेव्हा मास्तर, ही कोशाची पहिली बांधून आलेली प्रत. एका खंडात आहे, पाठ फाटलेली नाही. इथून सरळ घरी न्या. आणि घरी गेल्यावर 'रन' उघडा. शेवटून दुसरी ओळ. टाका जागेवर आहे.

आता एक हिशेब राहिला. नियम तुमचाच आहे, मी फक्त आठवण करून देतो. जो आपला अर्थ गाळेल, बुगात्सा त्याचा. अर्थ मी गाळला. म्हणजे आजचं जेवण, बुगात्सा आणि त्यावरची कॉफी माझ्याकडून. थेआनोनं अर्धा वाटा मागितला, मी दिला नाही. तिचं माझं भांडण चालू आहे.

मास्तर, तुमचा हात कोटाच्या खिशाकडे चाललाय, मला दिसतंय. त्याचा उपयोग नाही. सायंकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तुम्ही स्वयंपाकवाल्याला पैसे देऊन गेलात, हे आम्हाला कळलं. तुम्ही देणार हे आम्हाला परवाच माहीत होतं. ते पैसे परत आलेत आणि गारुफालियाबाईंच्या पर्समध्ये आहेत. त्या आमच्या बाजूला आहेत.

तुम्ही आम्हाला आयुष्यभर खाऊ घातलंत आणि एकदाही आमच्या हातचं घेतलं नाहीत. याचा आम्हाला रागसुद्धा येतो, हे आज सांगून टाकतो. आमच्यासारख्यांचं प्रेम दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं बाहेर येत नाही हो. तेव्हा आज बसा. आम्ही वाढतो, तुम्ही खा.

अध्यक्षमहाराजांनी सही दिली, फादरनी जागा दिली, प्राध्यापिकाबाईंनी आपला वेळ दिला, आणि आपण सर्वांनी भुकेल्या पोटी माझं ऐकून घेतलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाक, कुणाचा नळ किंवा कुणाची जुनी गोष्ट मी नको तिथं उघडली असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करा आणि तेवढी ओळ माझ्या भाषणातून गाळून टाका. गाळणाऱ्यानं मात्र उद्या सकाळी दहाला बुगात्सा घेऊन कचेरीत यायचं. मास्तर, तुम्ही सोडून.