पुलाखालची भेग

पानगळीचे दिवस होते. जुन्या कालव्याच्या धक्क्यावर तिकिटं फाडता फाडता खिडकीतल्या बाईंना रांगेतल्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं.

“फिरायला म्हणून आणलंत, आणि तीनदा त्या पुलाखाली जाऊन आलात.”

“भेग वाढलीये. परवा नख जात होतं, आज करंगळी जातेय.”

“रिटायर होऊन सहा वर्षं झाली तुम्हाला.”

“पूल पक्का आहे, असं लिहून सही मीच केली होती.”

“मग ऑफिसात कळवा.”

“कळवलं. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले.”

“झालं तर मग. आता निवांत चला, बोट लागलीच आहे.”

“ती त्याच पुलाखालून जाते. तू चढू नकोस.”

“मी नको, आणि हे एवढे लोक चढले तर चालेल?”

“सांगायला गेलो तर वेड्यात काढतील मला.”

“मी चाळीस वर्षं काढतेच आहे. व्हा पुढे.”

पण पुढे झाली ती बायकोच.

“ताई, बोट थांबवायची तर कुणाला सांगावं लागेल?”

बाईंनी फाडायला घेतलेलं तिकीट तसंच ठेवलं.

“मलाच,” त्या म्हणाल्या आणि खिडकी ओढून घेऊन दोर सोडणाऱ्या नावाड्याकडे धावल्या.